वहाळात कोणती गोगलगाय उरली आहे?

कोकणात कीटकनाशकांचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन मुद्द्यांभोवती फिरते. फळात औषधाचा अंश किती राहतो, हा एक आणि मधमाश्यांचे काय होते, हा दुसरा. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. परंतु फवारलेल्या द्रावणाचा जो भाग फळावर राहत नाही आणि मधमाशीपर्यंतही पोचत नाही तो जातो कुठे, हा प्रश्न जिथे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि तोही अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर, अशा प्रदेशात सर्वांत आधी विचारला जायला हवा होता. त्याचे उत्तर प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ते बागेतून पऱ्यात, पऱ्यातून वहाळात आणि वहाळातून नदीला जाते. त्या वाटेवर मासा पळू शकतो आणि चतुर उडून जाऊ शकतो. गोगलगायीला यांपैकी काहीच जमत नाही, ती जिथे आहे तिथेच राहते. म्हणूनच कोकणातील पाण्याचे काय चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल तर तिच्याकडे पाहावे, असे मला वाटते.

मात्र पाहताना एक चूक हमखास होते. कीटकनाशकांचा गोगलगायींवर परिणाम म्हणजे त्या मरणार, असे आपण गृहीत धरतो आणि वहाळातल्या दगडांवर भरपूर गोगलगायी चिकटलेल्या दिसल्या की पाणी ठीक आहे असे समजून पुढे जातो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. दूषित पाण्यातून गोगलगायी नाहीशा होतात असे सरसकट घडत नाही. पुष्कळदा त्यांची संख्या वाढते, पण वाढणाऱ्या आणि घटणाऱ्या गोगलगायी एकाच जातीच्या नसतात. जाणाऱ्यांच्या जागी ज्या येतात त्यांच्यात गुरांच्या आणि कधी माणसांच्या रोगांचे कृमी पोसणाऱ्या जाती असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे ‘गोगलगायी आहेत का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ‘कोणत्या आहेत’ हे विचारले पाहिजे, आणि कीटकनाशकांचे आपले सगळे धोरण हा प्रश्न न विचारताच आखलेले आहे.

यासाठी गोड्या पाण्यातील गोगलगायींचे दोन ढोबळ वर्ग ध्यानात घ्यावे लागतात. पहिला वर्ग कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्यांचा. तळ्यांत, संथ वहाळांत आणि भाताच्या खाचरांत आढळणारी, हिरवट तपकिरी, टोकदार शंखाची बेलामिया ही त्यातली सर्वपरिचित. तिच्या शंखाच्या तोंडाला झाकण असते. पाण्यात काही विपरीत आले तर ते लावून ती काही काळ तग धरू शकते, पण अखेर तिला विरघळलेला प्राणवायू पाण्यातूनच घ्यावा लागतो. तिच्यात नर आणि मादी वेगळे असतात आणि मादी अंडी न घालता शंखासह तयार झालेली पिल्ले जन्माला घालते, तीही थोडी थोडी. दुसरा वर्ग फुप्फुसासारख्या पोकळीने हवेतून श्वास घेणाऱ्यांचा. सपाट चकलीसारख्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस आणि नाजूक, पातळ कवचाची लिम्निया या दोघी त्यात येतात. पाणी कुजट झाले तरी त्या पृष्ठभागावर येऊन हवा भरून घेतात. इंडोप्लॅनॉर्बिसच्या रक्तात तर आपल्यासारखे हिमोग्लोबिन असते, त्यामुळे कमी प्राणवायूतही तिचे भागते. दोघी उभयलिंगी आहेत. एकटी वाचलेली गोगलगायसुद्धा स्वतःच्या बळावर वंश पुढे नेऊ शकते आणि पानांच्या मागे चिकट जेलीत अंड्यांचे पुंजके घालून थोड्याच आठवड्यांत डबके भरून टाकते.

या दोन जीवनक्रमांवर एकच आघात झाला तर काय घडेल, हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. जूनमध्ये विषारी पाण्याचा एक लोंढा आला आणि त्याने दोन्ही वर्गांतल्या नव्वद टक्के गोगलगायी मारल्या असे क्षणभर धरून चाला. गणेशचतुर्थीपर्यंत इंडोप्लॅनॉर्बिसची संख्या पूर्ववत होऊ शकते. बेलामियाला मात्र उरलेल्या नर-मादींनी एकमेकांना गाठायचे, मोजकी पिल्ले द्यायची आणि ती वाढेपर्यंत थांबायचे, एवढे सगळे करायला वर्षे लागतात आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा लोंढा येतोच. दोघींची विषाला तोंड देण्याची ताकद अगदी सारखी मानली तरी निकाल ठरलेला आहे. अर्थात कल्ल्यांच्या सगळ्याच गोगलगायी नाजूक असतात असे नाही. लांबट, मनोऱ्यासारख्या शंखाची मेलॅनॉइडिस नराशिवाय पिल्ले देते आणि गटाराच्या तोंडाशीही जगते. तसेच पाणशेतातली मोठी पायला कल्ले आणि फुप्फुस दोन्ही बाळगते, उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन झोपते आणि अंडी बांधाच्या ओलसर मातीत घालते. निसर्गात असे अपवाद असायचेच. बेलामियाचे आणि इंडोप्लॅनॉर्बिसचे परस्परांतील प्रमाण बदलते की नाही, एवढ्याने माझा मुद्दा सिद्ध किंवा असिद्ध होतो.

आता कोकणात हे विष पाण्यात कसे येते ते पाहू. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वरकस जमीन, सडे, कातळ यांवर आंबा-काजू चढत गेला. त्याने अनेक घरे सावरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. हापूसची कलमे पालवी-मोहोरापासून फळ वाढेपर्यंत तुडतुडे, फुलकिडे, भुरी आणि करपा यांच्या तावडीत असतात. त्यामुळे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेल्या वेळापत्रकानुसार हंगामात पाच-सहा फवारण्या होतात आणि थंडी लांबली, मोहोर दोनदा आला किंवा फुलकिडे आटोक्यात येईनात तर प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक. डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावे बागायतदाराला पाठ असतात. फवारणी कोरड्या हंगामात होत असल्यामुळे पाण्याशी तिचा संबंध नाही, असा एक समज आहे. तो तीन कारणांनी फसवा आहे. हे विष माती व पालापाचोळ्याला धरून राहते आणि पहिल्या पावसाने वाहून जाते. जांभा सच्छिद्र असल्याने सड्यावर पडलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यात आणि विहिरीत लवकर उतरते. तिसरे कारण सर्वांत साधे आणि, माझ्या मते, सर्वांत घातक आहे. फवारणीला पाणी लागते, म्हणून पिंप आणि एचटीपी पंप मांडला जातो तो वहाळाच्या किंवा विहिरीच्या काठाशी (एचटीपी म्हणजे जोराच्या दाबाने फवारणारा पंप) आणि काम संपल्यावर टाकी, पाइप, बाटल्या धुतल्या जातात त्याही तिथेच. मार्च-एप्रिलमध्ये वहाळात उरलेली असतात ती फक्त कोंडीतली डबकी. सगळे जलचर त्याच डबक्यांत गोळा झालेले असतात आणि टाकीच्या धुवणाचे एक पिंप त्यांच्यावर रिकामे होते.

भातशेतीत फवारणी आंब्याइतकी नाही, पण तिथे आणखी एक प्रथा आहे. खेकडे बांध पोखरतात, रोपे कापतात, खाचरातले पाणी फुटून जाते. ही तक्रार अगदी खरी आहे. त्यावर उपाय म्हणून भातात कीटकनाशक कालवून केलेले गोळे बिळांत टाकले जातात किंवा दाणेदार विष थेट बिळाच्या तोंडाशी पेरले जाते. गावोगावी ‘थिमेट’ म्हणून ओळखले जाणारे फोरेट यासाठी वर्षानुवर्षे वापरले गेले. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने ते ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णपणे बंद झाले, पण बिळात विष घालण्याची सवय एका आदेशाने जात नसते. या विषाचा गोगलगायीशी संबंध काय, असे कोणी विचारील. खेकडा गोगलगायी फोडून खातो. तो मेला की गोगलगायींचा एक मोठा शत्रू खाचरातून जातो. शिवाय पहिल्या पावसात बत्त्या घेऊन मुठे आणि कुर्ल्या हे खेकडे पकडायला बाहेर पडणाऱ्या कोकण्याने आपल्या ताटातल्या प्राण्याच्या बिळात विष ओतावे, हेही मला कधी उमगलेले नाही.

शत्रूंचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आजची कीटकनाशके प्रामुख्याने कीटकांच्या मज्जासंस्थेवर नेम धरून बनवलेली आहेत. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड द्रव्ये पाण्यातील कीटकांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात, परंतु गोगलगायी त्यांना पुष्कळच अधिक सहन करतात. पायरेथ्रॉइड गटातील डेल्टामेथ्रिन मासे, कोलंबी आणि जलकीटक यांना भयंकर विषारी आहे, पण गोगलगायींना त्या मानाने कमी. म्हणजे वहाळात आलेले विष आधी मारते ते पाणढेकणांना, चतुरांच्या अळ्यांना, खेकड्यांना आणि माशांच्या पिल्लांना. यांतले कित्येक गोगलगायी आणि त्यांची अंडी खातात आणि काही दगडावरच्या शेवाळासाठी त्यांच्याशी स्पर्धा करतात. मे महिन्यात ज्यांना पाहायला शहरातून माणसे येतात त्या काजव्यांच्या अळ्याही गोगलगायींवरच जगतात. शत्रू गेले, वाटेकरी गेले, वर खतांच्या निचऱ्याने शेवाळ वाढले, तर गोगलगायींना रान मोकळे मिळते. मात्र ते मिळते ते आधी सांगितलेल्या, झटपट वाढणाऱ्या वर्गाला.

हा केवळ तर्क राहिलेला नाही. अमेरिकेत मोठ्या टाक्यांमध्ये कृत्रिम तळी तयार करून केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाने शिकारी प्राणी मारले गेल्यावर शिस्टोसोमा हे रोगकारक कृमी वाहणाऱ्या गोगलगायी वाढल्याचे दिसले. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातील ४८ ठिकाणांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा की, या रोगवाहक गोगलगायी कीटकनाशकांना चांगल्याच सरावलेल्या आहेत आणि त्यांचे स्पर्धक व शिकारी मात्र नाजूक आहेत. त्यामुळे कीटकनाशकांनी दूषित झालेल्या ठिकाणी रोगवाहकांचे प्रमाण वाढते, आणि तेही आज पर्यावरणाला सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पातळीवर. केनिया म्हणजे कोकण नव्हे, तिथले कृमी वेगळे आणि गोगलगायींच्या जातीही वेगळ्या. पण या घटनेला जे जे लागते, म्हणजे फुप्फुसाच्या चिवट गोगलगायी, नाजूक जलकीटक, खतांचे पाणी आणि दरवर्षी येणारा विषाचा लोंढा, ते सगळे आपल्याकडे हजर आहे.

रोगाचा मुद्दाही कोकणाला परका नाही. माणसाच्या मूत्रमार्गाचा शिस्टोसोमिआसिस, म्हणजे शिस्टोसोमा कृमींमुळे होणारा विकार, हा आफ्रिका आणि पश्चिम आशियातला रोग मानला जातो. भारतात त्याचे स्थानिक केंद्र म्हणून ज्या एका गावाचे नाव वैद्यकीय साहित्यात येते ते रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातले गिमवी आहे. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी १९५२ साली ते नोंदवले आणि पुढे त्या परिसरातील फेरिसिया टेन्यूइस या नखाएवढ्याही नसलेल्या, टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायीकडे मध्यस्थ यजमान, म्हणजे कृमीच्या वाढीचा एक टप्पा जिच्या शरीरात पार पडतो ती, म्हणून बोट दाखवले. त्या निष्कर्षांविषयी नंतर शास्त्रज्ञांत मतभेद झाले आणि गिमवीत आज तो रोग पसरलेला आहे असे मी सुचवीत नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, वहाळातल्या एका क्षुल्लक गोगलगायीची जात कोणती हे ओळखणे हा आरोग्याचा प्रश्न असू शकतो, हे कोकणाने सत्तर वर्षांपूर्वीच पाहिलेले आहे.

गुरांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. लिम्निया ही यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमीची, म्हणजे फॅसिओलाची, यजमान आहे. या कृमीने पोखरलेल्या गाई-म्हशींचे दूध आटते, त्या खंगतात, जबड्याखाली सूज लोंबते. इंडोप्लॅनॉर्बिस शिस्टोसोमाच्या अशा जाती पोसते ज्यांपैकी एक गुरांच्या नाकात वाढून त्यांना घोरल्यासारखा श्वास घ्यायला लावते. दुसऱ्या एका जातीच्या अळ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीत शिरू पाहतात. त्या तिथेच मरतात, पण पोटऱ्यांवर खाजरे पुरळ उठते. लावणीच्या दिवसांत पायांना सुटणारी खाज चिखलाची म्हणून आपण सोडून देतो, तिच्यातला काही भाग या अळ्यांचा असू शकतो. म्हणजे आंब्यावरचा तुडतुडा मारण्याचा खर्च शेजारच्या गोठ्यात भरला जाऊ शकतो. कृषी विभागाच्या हिशेबात तो येत नाही आणि पशुसंवर्धन विभागाला तो कुठून आला हे कळत नाही, कारण त्याचा उगम दोन खात्यांच्या मधून वाहणाऱ्या पाण्यात आहे.

इथवरचे विवेचन कीटकांसाठी बनवलेल्या विषांचे झाले. तांब्याची गोष्ट वेगळी आहे आणि कोकणच्या संदर्भात मला ती अधिक गंभीर वाटते. श्रीवर्धन, मुरूड, गुहागरपासून दोडामार्गापर्यंत सुपारीच्या बागांत पावसाळ्यात कोळेरोग, म्हणजे फळे कुजवणारा रोग, येतो. त्यावर पाऊस सुरू होण्याआधी आणि मग भर पावसाळ्यातील उघडिपीत एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि एक किलो चुना, फवारण्याची शिफारस आहे. हा उपाय जुना, स्वस्त आणि परिणामकारक आहे. सेंद्रिय शेतीतही त्याला मर्यादित मुभा असते, त्यामुळे तो निरुपद्रवी असल्याचा समज दृढ आहे. परंतु हेच मोरचूद विसाव्या शतकात इजिप्त आणि सुदानच्या कालव्यांत मुद्दाम ओतले जात असे, ते गोगलगायी मारण्यासाठी. तांबे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, त्याचे विघटन होत नाही, वर्षानुवर्षे मातीत साठत जाते. द्राक्षमळ्यांच्या अनुभवातून शहाणे होऊन युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी कमाल मर्यादा घातली.

त्यात कोकणच्या पाण्याचा गुणधर्म आगीत तेल ओततो. शतकानुशतके पावसाने धुतलेल्या जांभ्या मातीतून येणारे पाणी मऊ असते, त्यात चुन्याचा अंश कमी असतो. गोगलगायीला शंख बांधायला चुना लागतो, तो इथे आधीच तुटपुंजा. शिवाय पाणी जितके मऊ तितके तांबे जलचरांना अधिक विषारी, आणि माती जितकी आम्लधर्मी तितके ते अधिक सुटे होऊन वाहते. म्हणजे जे प्रमाण देशावरच्या चुनायुक्त, जड पाण्यात खपून जाईल ते सुपारीच्या बागेखालच्या पाटात खपेलच असे नाही. तांबे लिम्नियालाही सोडत नाही, त्यामुळे इथे तात्पुरते सगळेच मरते. पण पुन्हा वस्ती कोण करते, हा प्रश्न आला की आपण मघाच्याच उत्तराकडे येतो.

मृत्यूपेक्षा कमी दिसणारे परिणाम मोजायला अधिक अवघड असतात. अंडी कमी घालणे, चरणे थांबणे, पाण्याबाहेर दगडावर चढून बसणे आणि उन्हात वाळणे, कवच पातळ राहणे हे सगळे प्राणघातक मात्रेच्या बरेच खाली सुरू होते. मोलस्क, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांसारखे मृदुकाय, प्राणी किती सूक्ष्म मात्रेला दाद देतात याचा जगाला सर्वांत मोठा धडा समुद्रातून मिळाला. जहाजांच्या तळाला लावायच्या रंगातील ट्रायब्युटिलटिन या द्रव्यामुळे सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली, तेही लिटरमागे नॅनोग्रॅमच्या पातळीवर, जिथे मासे अगदी धडधाकट दिसत होते. अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. गोगलगायींकडे कोणी पाहिले नसते तर ते विष कदाचित आजही बंदरांत झिरपत राहिले असते.

असे असूनही कीटकनाशकांच्या परीक्षणात गोगलगायीला स्थान मिळायला फार उशीर झाला. कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याखालील नोंदणीसाठी मासे, पक्षी, मधमाश्या यांच्यावरील विषारीपणाची माहिती द्यावी लागते. जगभर जलचरांचे प्रतिनिधी म्हणून पाणपिसू आणि मासे यांच्यावरच्या चाचण्या दशकानुदशके चालत आल्या आहेत. गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या प्रजननावरील आंतरराष्ट्रीय मान्यतेची चाचणीपद्धती आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने स्वीकारली ती २०१६ साली. तीही दोन जातींवर, त्यांतली एक न्यूझीलंडची आणि दुसरी युरोपातली. आपल्या मऊ, कोमट पाण्यात, आपल्या बेलामियावर तेच विष काय करते याचे उत्तर त्यातून आपोआप निघत नाही.

आपल्याकडे गोगलगायीचा सरकारी उल्लेख झाला की तो शत्रू म्हणूनच होतो. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकण्याचे सल्ले घरोघरी पोचले. ती जमिनीवरची आफ्रिकी जात होती आणि शेतकऱ्यांचे नुकसान खरे होते, त्याबद्दल वाद नाही. पण ‘गोगलगाय म्हणजे कीड’ हे समीकरण त्या हंगामाने इतके पक्के केले की पाण्यातल्या गोगलगायीची बाजू मांडणारा माणूस आता विनोदाचा विषय होतो.

बागायतदाराचा आक्षेप मात्र विनोदाचा नाही. तो म्हणतो की हवामान बेभरवशाचे झाले आहे, मोहोर जळतो, मजुरी परवडत नाही, बाग कराराने घेतलेली असते आणि कर्ज उरावर असते. अशा वेळी गोगलगायीसाठी फवारणी सोडायची का? मी फवारणी सोडा असे म्हणत नाही. पण त्याने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. युरोपला जाणाऱ्या आंब्याची बाग नोंदवण्यासाठी ‘मँगोनेट’ आहे, फळातला अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, फवारणीची नोंदवही ठेवावी लागते. हे सगळे परदेशी ग्राहकाने मागितले म्हणून उभे राहिले आणि बागायतदाराने ते करून दाखवले. तेव्हा शिस्त जमत नाही ही सबब खरी नाही. बागेखालच्या वाडीने आपल्या पाण्यासाठी अशी मागणी कधी केलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. भारतात हेक्टरी कीटकनाशकांचा वापर जगाच्या मानाने कमी आहे, हा दुसरा युक्तिवाद कृषी खात्याच्या व्यासपीठावरून वारंवार ऐकू येतो. सरासरी बरोबर असेल, पण तिच्यात नाचणीचे आणि वरीचे शेतही धरलेले असते. वहाळ सरासरीला ओळखत नाही. त्याच्यात उतरते ते वरच्या बागेतले पाणी.

पाण्याची तपासणी होत नाही असे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी साधारण महिन्यातून एकदा नमुने घेते, आणि ती ठिकाणे मोठ्या नद्यांवर असतात. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. या उतारावर जूनचा लोंढा काही तासांत खाडीला मिळतो. महिन्याला एक बाटली भरून त्याला पकडता येणार नाही. लोंढा गेल्यावरही त्याची साक्ष राहते ती तळाशी राहणाऱ्या प्राण्यांत. ब्रिटनमध्ये तळच्या प्राण्यांवरून पाण्याला गुण देण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्यात बेलामियाच्या कुळाला दहापैकी सहा आणि इंडोप्लॅनॉर्बिस व लिम्निया यांच्या कुळांना प्रत्येकी तीन गुण आहेत. ती पद्धत मैलापाण्यासाठी आखली होती, कीटकनाशकांसाठी नव्हे, म्हणून ती जशीच्या तशी उचलू नये. पण दोन कुळांतला फरक नोंदवण्याजोगा आहे हे तिने मान्य केले आहे. आपले केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळही जैविक निर्देशांकांची भाषा बोलते. ती वहाळापर्यंत आलेली नाही.

ती आणायला फार पैसा लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायची आहे. अनेक ठिकाणी ती नोंदवही एखाद्या संस्थेकडून घाईघाईने भरून घेतलेली आणि कपाटात ठेवलेली असते. तिच्यात दरवर्षी पाऊस ओसरल्यावर, बागेच्या वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला एक अशा दोन जागी, ठरावीक क्षेत्रातील गोगलगायी मोजून नोंदवाव्यात. झाकणाच्या किती आणि बिनझाकणाच्या किती, हे शाळेतली मुलेही ओळखू शकतात, कारण झाकण डोळ्यांना दिसते. वरच्या आणि खालच्या बाजूंत सातत्याने फरक दिसला तर विद्यापीठाने तिथे जाळीच्या पिंजऱ्यात बेलामिया ठेवून जूनभर पाहावे आणि पाण्यासह गाळाचे नमुने घ्यावेत. पशुवैद्यकाने त्याच वाडीतल्या गुरांचे शेण कृमीच्या अंड्यांसाठी तपासावे. तीन खात्यांनी एकाच वहाळावर भेटावे, इतकीच ही मागणी आहे, आणि कदाचित हेच सर्वांत कठीण आहे.

बागायतदाराच्या बाजूने करण्याच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. पंप मांडायची आणि धुवायची जागा वहाळापासून दूर, गवताळ, सपाट जमिनीवर असावी आणि टाकीचे धुवण पुन्हा बागेतच फवारावे. वहाळाच्या दोन्ही काठांची झाडी तोडून शेवटचे कलम पाण्याच्या कडेला लावण्याचा हव्यास सोडावा. सुपारीच्या घोसांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधण्याची पद्धत जिथे शक्य आहे तिथे वापरून बोर्डोच्या फेऱ्या कमी कराव्यात. बिळात विष घालण्याऐवजी रात्री खेकडे पकडावेत, त्यासाठी कोणी शिकवण्याची गरज कोकणात तरी नाही. मृगाच्या सुमारास चढणीचे मासे ज्या दिवसांत खाचरांकडे येतात त्या दिवसांत पाण्याशेजारी कोणतेही रसायन वापरू नये. हे मासे पकडायला सगळा गाव लोटतो, तेव्हा निदान हा नियम गाव स्वतःहून पाळू शकेल.

सह्याद्रीच्या कड्यांवर, धबधब्याच्या तुषारांत, क्रेम्नोकाँकस नावाच्या इवल्या गोगलगायी राहतात. त्यांचे कूळ समुद्रकाठच्या खडकांवरचे आणि त्या कुळातला गोड्या पाण्यात राहणारा हा जगातला एकमेव वंश. त्यांच्या वर अजून तरी बागा गेलेल्या नाहीत. त्यांच्याविषयी लिहिले तर कदाचित सहानुभूती लवकर मिळाली असती. पण धोरण ठरवायचे ते दुर्मीळाकडे पाहून नव्हे, तर बागेखालच्या वहाळातल्या सामान्य बेलामियाकडे पाहून. आंब्याच्या फवारणीचे वेळापत्रक दरवर्षी नव्याने छापले जाते. त्यात कीड, औषध, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षेचे दिवस असे रकाने असतात. त्यातच पाण्यापासून राखायचे अंतर, टाकीच्या धुवणाची विल्हेवाट आणि जलचरांवरचा परिणाम असे आणखी तीन रकाने घालावेत आणि ते भरण्याची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावर टाकावी. जिथे रकाना भरता येत नसेल तिथे ते औषध वहाळालगतच्या बागांसाठी शिफारशीतून वगळावे.